'वेपन्स बे'ला मराठीत खण का म्हणावं

प्रश्न असा आला आहे: चीनच्या जे-३५ या विमानवाहू नौकेवरच्या स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, लढाऊ विमानाबद्दल मराठीत वाचताना 'वेपन्स बे'साठी, म्हणजे विमानाच्या पोटातल्या क्षेपणास्त्रं ठेवायच्या जागेसाठी, एके ठिकाणी 'शस्त्रागार' दिसलं, तर दुसरीकडे चक्क 'शस्त्र उपसागर'. यातलं बरोबर काय? आणि त्याच्या इंजिनाच्या नावातलं 'डब्ल्यूएस' म्हणजे काय?

'उपसागर' हा यांत्रिक भाषांतराचा घोटाळा आहे. इंग्रजीत 'बे' हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त दिसायला सारखे. एक किनाऱ्यावरचा, दुसरा इमारतीतला. विमानातला 'बे' हा दुसऱ्या घरातला आहे. दोन खांबांच्या किंवा तुळयांच्या मधली जागा, हा त्याचा अर्थ.

आणि या अर्थाचा शब्द मराठीत आधीपासून आहे: खण. टेबलाचा खण आपण रोज उघडतो, पण जुन्या वाड्यांच्या भाषेत खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. घर केवढं, हे खणांत सांगत: पाच खणांचं घर, दोन खणी माडी. खण बाहेरून आणून बसवलेली पेटी नसते. घराचा सांगाडा उभा राहिला की त्यात आपोआप पडलेली जागा म्हणजे खण.

विमानाच्या पोटात हेच घडतं. जे-३५ला दोन इंजिनं आहेत, शेपटीकडे शेजारी शेजारी. त्यांना हवा पुरवणारे दोन मार्ग कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात. ते सरळ ठेवले तर समोरून आलेल्या रडारलहरी थेट इंजिनाच्या पात्यांवर आपटून परततील, म्हणून स्टेल्थ विमानात त्यांना वळण देतात. वळणदार मार्ग जास्त जागा खातो. हे सगळं सांभाळून पोटाखाली जी जागा उरते, तिथे क्षेपणास्त्रं ठेवायची. ती पंखाखाली टांगली तर रडारला ठळक दिसतात, आणि विमानाला दिलेल्या आकाराचा उपयोगच राहत नाही. म्हणून खण हवा, त्याला झडपा हव्यात, आणि झडपांच्या कडा करवतीसारख्या दातेरी हव्यात. शिवाय पोटाला एवढं मोठं भोक पाडलं की सांगाडा कमजोर होतो. नौकेच्या डेकवर उतरणारं विमान तर आकड्याने तार पकडून जोराच्या हिसक्याने थांबतं. तेव्हा खणाभोवतीच्या तुळया भक्कम लागतात. वाड्याच्या सुताराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

'शस्त्रागार' मला का नको? आगार म्हणजे घर, कोठार. एसटीचं आगार आठवा. बराकीतली बंदुकांची खोली शस्त्रागार, ते ठीक. चार-सहा क्षेपणास्त्रांच्या जागेला तो शब्द फार मोठा होतो. 'भाता' हा शब्द देखणा आहे, बाणांचा भाता डोळ्यांसमोर येतो. पण लोहाराचा भाताही भाताच, आणि इथे लगेच मागे आग फुलवणारं इंजिन आहे. वाचणारा गोंधळेल.

आता शस्त्र की अस्त्र? शस्त्र हे 'शस्' म्हणजे कापणे या धातूवरून, अस्त्र हे 'अस्' म्हणजे फेकणे यावरून. तलवार शस्त्र, बाण अस्त्र. क्षेपणास्त्र शब्दात आपण हा भेद बरोबर पाळला आहे, आणि भारताच्या हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राचं नावच 'अस्त्र' आहे. म्हणून माझं मत 'अस्त्रखण'.

चिनी भाषेने काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. त्यांचा शब्द 'दान-त्सांग'. 'दान' म्हणजे दारूगोळा, आणि 'त्सांग' म्हणजे जहाजातला कक्ष. ते अक्षर लिहिताना त्यात होडीचं चिन्ह येतं. वैमानिक बसतो तोही त्सांग, इंजिन बसतं तोही त्सांग. एकाच शब्दावर त्यांनी सगळी मालिका उभी केली. खण आपल्याला तीच सोय देतो: इंजिनाचा खण, चाकांचा खण, अस्त्रखण. आगार किंवा भाता घेतला तर ही मालिका जमत नाही, आणि परिभाषेत मालिका जमणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

'डब्ल्यूएस' म्हणजे 'वो-शान'. 'वो' म्हणजे पाण्यातला भोवरा, 'शान' म्हणजे पंखा. टर्बोफॅनचं हे शब्दशः भाषांतर आहे. पुढचा पंखा हवा ओढतो, काही हवा आत इंधन जाळायला जाते, बाकीची बाहेरच्या बाजूने मागे जाते. जे-३५च्या मूळ नमुन्याने, शेनयांग या चिनी विमान कंपनीच्या एफसी-३१ने, ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी पहिलं उड्डाण केलं, तेव्हा त्यात रशियन आरडी-९३ इंजिनं होती. पुढे चीन स्वतःच्या वो-शान मालिकेकडे वळला. आरडी-९३ हे मिग-२९च्या आरडी-३३चं भावंड. गोव्यात दाबोळीजवळ ज्यांनी नौदलाच्या मिग-२९के विमानांची घरघर ऐकली आहे, त्यांच्या कानाला हे घराणं ओळखीचं आहे. टर्बोफॅनला मात्र मी मराठी शब्द सुचवणार नाही. 'पंखझोत' केला तर पंखा की पंख, हा घोळ कायम राहील. टर्बोफॅन चालू द्यावा.

लिहिताना 'अस्त्रखण' जोडून लिहावा, पुल्लिंगी. सामान्यरूप नेहमीच्या खणासारखंच: अस्त्रखणात, अस्त्रखणाची झडप, दोन अस्त्रखण.