स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या टिपा: सगळं ५०० मध्ये ओतू नका

"जुन्या पुस्तकांच्या स्कॅनबद्दलच्या सगळ्या टिपा ५०० मध्येच टाकल्या तर काय बिघडतं, शोधात तर सगळंच येतं," हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं जुनं दुखणं वर आलं.

मार्क म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींचा संगणकीय साचा, त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला आकड्याचं फील्ड असतं: सर्वसाधारण टीप ५००, अनुक्रमणिका ५०५, सारांश ५२०, भाषा ५४६, हे तुम्हाला माहीत असणारच. खरी गोची होते ती मूळ प्रत आणि डिजिटल प्रत यांच्या टिपांची सरमिसळ झाली की. "पृ. ४५ ते ४८ नाहीत." कशात नाहीत? मूळ पुस्तकातूनच फाटून गेलीत, की स्कॅन करणाऱ्याने पानं एकदम उलटली? पहिलं असेल तर वाचकाने दुसरं ग्रंथालय गाठायचं, दुसरं असेल तर आपण पुस्तक पुन्हा स्कॅनरखाली ठेवायचं.

आमच्या ग्रंथालयात नोंद छापील पुस्तकाची आणि स्कॅनचा तपशील ५३३ मध्ये (पुनरुत्पादित प्रतीच्या टिपेचं फील्ड), अशी बरी शिस्त होती. मग एका मध्यवर्ती कार्यालयाच्या (नाव घेत नाही) सामायिक पोर्टलवर नोंदी ओएआय-पीएमएचने (एका प्रणालीतल्या नोंदी दुसरीने गोळा करायची पद्धत) गेल्या, साध्या डब्लिन कोअरमध्ये, म्हणजे मोजक्याच घटकांच्या सुटसुटीत साच्यात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मार्क ते डब्लिन कोअर तक्त्यात ५०६, ५३०, ५४० आणि ५४६ सोडले तर ५०० ते ५९९ सगळं 'डिस्क्रिप्शन' (वर्णन) या एकाच घटकात जातं. टीप कसली आहे हे सांगणारं फील्डचं लेबल गळतं, मजकूर तेवढा उरतो. इथवर त्यांचा दोष नाही. पण डिस्क्रिप्शन हवं तितक्या वेळा देता येत असताना त्यांनी सगळ्या टिपा जोडून एकच परिच्छेद केला. सारांश संपतो न संपतो तोच "पृ. ४५ ते ४८ नाहीत. मुखपृष्ठ नाही." विचारलं की ठरलेलं उत्तर: नोंदी मानकाप्रमाणे आहेत. आणि वाचकांच्या तक्रारी आमच्याकडे! ५३३ मधल्या टिपांना 'डिजिटल प्रतीत' असे दोन शब्द जोडून भागलं. ५०० मधल्या जुन्या टिपांसाठी मात्र कपाटातून पुस्तक काढून पानं तपासत बसावं लागलं.

म्हणून माझं मत (सगळे कॅटलॉगर मान्य करणार नाहीत): फील्ड योग्य निवडाच, पण लेबल काढलं तरी अर्थ लागेल असं पूर्ण वाक्य लिहा. "मूळ छापील प्रतीत पृ. ४५ ते ४८ नाहीत." किंवा "डिजिटल प्रतीत पृ. ४५ ते ४८ सुटली आहेत. मूळ प्रतीत आहेत." लेबलसकट वाचताना द्विरुक्ती वाटते. वाटू दे.

तुम्ही डीस्पेस (डिजिटल संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आणखी एक. पुस्तक कुणाच्या संग्रहातून आलं हे 'डिस्क्रिप्शन प्रोव्हेनन्स'मध्ये लिहू नका. तिथे डीस्पेस स्वतःच सबमिशनचा इतिहास लिहितं आणि मूळ सेटिंगमध्ये ते वाचकांना दिसत नाही. देणगीदाराच्या घरचे नाव शोधायला बसले की पंचाईत. मार्कमध्ये यासाठी ५६१ आहे.

मी सर्व्हरवाला नाही, तुमच्या सॉफ्टवेअरचं मॅपिंग वेगळं असू शकतं. पोर्टलला आधी थोड्याच नोंदी पाठवा आणि ओएआयचा आउटपुट स्वतः उघडून वाचा, पोर्टलवाल्यांच्या शब्दावर जाऊ नका. आणि टिपा एक्सेलमध्ये असतील तर तो स्तंभ टेक्स्ट करून घ्या. इंग्रजी अंकांत नुसतं '३-४' टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.