कासला नेलेल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स अडकते, फोटोंत पांढरे गोळे येतात, फुलं धूसर येतात, काय करावं?

तुमच्या तीन तक्रारींपैकी खरं दुखणं लेन्सचं आहे. गोळे आणि धूसर फुलं यांना कॅमेरा दुकानात न्यायची गरज नाही.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. लेन्स बाहेर ढकलताना मोटर एकदम जास्त वीज ओढते. बॅटरी जुनी किंवा उतरलेली असली की लेन्स निम्म्यावर थांबते आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येतो. चार्ज करूनही तेच झालं, तर लेन्सच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमधल्या फटीत मातीचा कण अडकला असण्याची शक्यता जास्त. बॅटरी काढा, लेन्सचं तोंड खाली करा आणि रबरी ब्लोअरने फटीतून चारही बाजूंनी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब आत जातात. मग बॅटरी घालून, तोंड खालीच ठेवून कॅमेरा चालू करा आणि लेन्स सरकत असताना बाजूला हलक्या टिचक्या मारा. लेन्स हाताने ओढलीत, तर आतल्या प्लॅस्टिकच्या चाकांचे दात तुटतात. तेल तर अजिबात नको, ते शटरच्या पात्यांवर पसरतं.

कॅमेरा पडून नळी तिरकी झाली असेल, तर दुरुस्तीआधी खर्च विचारा. तेच मॉडेल जुन्या बाजारात बहुधा त्याहून स्वस्त मिळतं. घरी खोलू नका. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशेच्या आसपास व्होल्ट शिल्लक असू शकतात.

पांढरे गोळे म्हणजे धुक्याचे नाहीतर पावसाचे थेंब. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे समोरच्या थेंबावरून उजेड सरळ परत येतो, आणि थेंब फोकसबाहेर असल्याने गोळा दिसतो. (भुताचा फोटो म्हणून हेच पाठवले जातात.) फ्लॅश सक्तीने बंद ठेवा. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सर उजेड किती तीव्रतेने टिपतो, ते ठरवणारा आकडा) ४०० पर्यंत वाढवा. एवढ्याशा सेन्सरवर त्यापुढे दाणे दिसू लागतात.

पूर्ण फोटोच दुधाळ येत असेल, तर काचेवर दव धरलंय. गाडीच्या एसीत गार झालेला कॅमेरा पठारावरच्या दमट हवेत काढला की असंच होतं. यवतेश्वरचा घाट लागला की एसी बंद करून गाडीच्या काचा खाली घ्या. दव पुसत बसू नका, पंधरावीस मिनिटांत आपोआप उडतं.

आता फुलं. सीतेची आसवं इवलीशी, त्यामुळे झूम करून टिपायचा मोह होतो आणि तिथेच घोटाळा होतो. झूम केल्यावर बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांना तीस-चाळीस सेंटिमीटर अंतर लागतं. झूम पूर्ण मागे घेऊन फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो लावला, तर पाच सेंटिमीटरपर्यंत जाता येतं. बटण अर्धं दाबा, चौकट हिरवी झाली की मगच पूर्ण दाबा. वारा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. ती सोय नसेल तर खेळाचा मोड लावून सलग चारपाच फोटो घ्या. हे सगळं पायवाटेवरूनच. एका फोटोसाठी तेरडा तुडवू नका.

कॅमेरा पावसात भिजलाच, तर चालू करून बघू नका. बॅटरी आणि कार्ड काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळात नको, पीठ फटींत शिरतं.