तीनच कुऱ्हाडी

प्रश्न : मी ब्रह्मपुरीकडचा वाढई. बंड्या, वखर, डवरे करतो. पोरगा हाँगकाँगले एका हॉटेलात सैपाकाच्या कामाले आहे. तिथला म्हातारा आचारी त्याले म्हणाला, ‘तुझ्याजवळ तीनच बान फू आहेत.’ बान फू म्हणजे कुऱ्हाड म्हणे. सैपाकघरात कुऱ्हाडीचं काय काम? शिवी तर नाही दिली?

उत्तर : नाही भाऊ, शिवी नाही. टोमणा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

बान फू म्हणजे रुंद पात्याची कुऱ्हाड. कँटनी बोलीत मात्र हाच शब्द माणसाच्या अंगच्या करामतींसाठी वापरतात. एखाद्याजवळ बरेच बान फू आहेत म्हणजे काम कुठंही अडलं तरी त्याच्याजवळ काही ना काही उपाय निघतो. मी याला ‘कसब’ म्हणणार नाही, कारण कसब मोजता येत नाही आणि बान फू मोजतात. आपल्या कुस्तीतला ‘डाव’ इथं नेमका बसतो.

आता तीनच का? चीनमध्ये थांग राजवटीत चंग याओजिन नावाचा सेनापती होता. 665 साली वारला. इतिहासातला चंग घोड्यावरून लांब भाला चालवण्यात तरबेज होता. लोककथेनं त्याच्या हाती कुऱ्हाड दिली. कथेत तो कुऱ्हाडीचे घाव स्वप्नात शिकतो, पण जागा झाल्यावर त्याला मोजकेच आठवतात. त्यामुळं पहिले तीन घाव असे की समोरचा गडी हबकतो. ते ज्यानं झेलले, त्याच्यापुढं चंगजवळ काही उरत नाही. म्हणून ‘तीनच’ म्हणजे सुरुवात दणक्यात, पुढं हात रिकामे. हा आकडा कथेतला आहे, आचाऱ्यानं पोराला येणारे पदार्थ मोजलेले नाहीत. पोराची सुरुवात त्याला जोरदार वाटली, हेही त्या बोलण्यात आलंच. मला तर हे ऐकून बरं वाटलं. ज्याच्याकडून काहीच आशा नाही, त्याला कोणी असं बोलत नाही.

तुम्ही वाढई, म्हणून आणखी एक सांगतो. हाँगकाँगच्या केनेडी टाउन भागात लो पानचं देऊळ आहे, 1884 साली बांधलेलं. लो पान हा तिकडच्या सुतार-गवंड्यांचा दैवत मानलेला आद्य कारागीर. आपल्याकडं विश्वकर्मा, तसा. त्यांच्या पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या तेराव्या दिवशी, म्हणजे साधारण जुलैत, त्याचा उत्सव असतो. पोराला सुट्टी मिळाली तर तुमच्या वतीनं जाऊन यायला सांगा.