प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यातलं शिसं मुलतानी किंवा काळ्या मातीने निघेल का? किती माती लागेल?

तुम्ही लिहिलंय की जस्त-निकेल प्लेटिंगनंतर माल धुतलेलं पाणी दिवसाला हजार लिटर निघतं, त्यात जस्त लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास, थोडं निकेल आणि २ मिलिग्रॅम शिसं आहे. माती टाकून हे सगळं भागेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

शिसं निघेल. पण माती शेवटच्या पायरीला वापरा, पहिल्या नाही. सगळा भार मातीवर टाकला की काय होतं, ते हिशेबातच दिसतं. चांगल्या बेंटोनाइटची (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आयन अदलाबदलीची क्षमता, म्हणजे स्वतःवरचे भारित कण सोडून पाण्यातला धातू धरायची ताकद, १०० ग्रॅमला ८० मिलिइक्विव्हॅलंट (विद्युतभार मोजायचं एकक) धरली, तर १ ग्रॅम माती कागदावर सुमारे ८३ मिलिग्रॅम शिसं किंवा २६ मिलिग्रॅम जस्त धरते. तुमचं रोजचं १०० ग्रॅम जस्त धरायला कागदावरच पावणेचार किलो माती लागेल, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. ती सगळी माती मग घातक कचरा. तेच जस्त कॉस्टिक सोड्याने खाली बसवलं तर कोरडा गाळ दीडशे ग्रॅमच्या आसपास होतो.

सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की करा: बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, सायनाइड आहे का? असेल तर या पाण्यात आम्ल अजिबात घालायचं नाही, विषारी वायू सुटतो. आधी सायनाइड नष्ट करण्याची वेगळी प्रक्रिया हवी. बाथमध्ये अमोनिया, सायट्रेट किंवा ईडीटीए असेल तरी अडचण येते. धातू त्यांच्याशी जखडलेला राहतो, धड गाळातही बसत नाही आणि मातीलाही चिकटत नाही.

पहिली पायरी म्हणजे कॉस्टिक सोड्याने पीएच ९.५ ते १० वर नेणं. ११ च्या पुढे गेलात तर बसलेलं जस्त परत विरघळायला लागतं. इथे चुना स्वस्त पडतो, पण पुढे माती वापरायची असेल तर मी चुना टाळायला सांगेन, कारण चुन्यातलं कॅल्शियम मातीवरची जागा अडवतं. बोअरच्या पाण्याने माल धुत असाल तर हाच त्रास आधीपासून असतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम कडकपणाच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) पाण्यात लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, आणि तुमचं २ मिलिग्रॅम शिसं म्हणजे जेमतेम ०.०२. तीनशे जणांच्या गर्दीत एकटं शिसं. माती शिशाला झुकतं माप देते म्हणूनच ही पद्धत चालते, पण मातीचं प्रमाण या गर्दीमुळेच वाढतं.

दोन-तीन तास निवळू द्या, वरचं पाणी काढून वाळूच्या फिल्टरमधून गाळा. हे गाळणं चुकवू नका. गाळाचे कण राहिले आणि तुम्ही पीएच खाली आणला, तर तोच धातू पुन्हा पाण्यात उतरतो. मग पातळ गंधकाम्लाने पीएच ६ ते ६.५ वर आणा. ४ च्या खाली हायड्रोजन आयन मातीवरची जागा बळकावतात आणि शिसं पाण्यातच राहतं.

आता माती. मुलतानी माती चालते, पण दुकानात त्या नावाने बरंच काही विकलं जातं. २ ग्रॅम माती चिमूटचिमूट करून १०० मिलिलिटर पाण्यावर भुरभुरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. सोडियम बेंटोनाइट फुगून २० मिलिलिटरच्या पुढे जातं. जेमतेम फुगलेली माती एक तर कॅल्शियम जातीची असते किंवा भेसळीची. शेतातली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यातही मॉन्टमोरिलोनाइट, म्हणजे बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज, भरपूर असतं. पण बऱ्याचदा चुनखडीचे खडेही असतात. त्यांनी पीएच चढतो, शिसं कार्बोनेट होऊन बसतं, आणि वाटतं की मातीने ओढलं. शिवाय शेतातल्या मातीचा दर्जा ढिगागणिक बदलतो. रोजच्या कामाला मी बेंटोनाइटच घेईन.

कोरडी माती थेट टाकीत ओतू नका, बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गाठी होतात. आदल्या रात्री २० लिटर पाण्यात १ किलो ढवळत ढवळत भिजवा, सकाळी वरचा काला वापरा, तळाची रेती टाकून द्या. लिटरला २ ग्रॅमने सुरुवात करा, म्हणजे हजार लिटरला ४० लिटर काला. तासभर ढवळा. बरंचसं शिसं पहिल्या अर्ध्या तासातच धरलं जातं.

खरी डोकेदुखी पुढे आहे: सोडियम बेंटोनाइट बसता बसत नाही. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम तुरटी लागेल, पण तुरटीने पीएच उतरतो, तो ६ च्या वर राखा. फिल्टरच्या नळीत बेंटोनाइट भरायचा मोह मात्र नको. ते फुगून पाणीच अडवतं, म्हणून तर कचराभूमीच्या तळाला त्याचा थर देतात.

नेमकं प्रमाण तुमच्याच पाण्यावर ठरवा. एक-एक लिटरच्या प्लास्टिक बाटल्यांत ०, ०.५, १, २ आणि ५ ग्रॅम माती घाला, शिवाय एका बाटलीत शुद्ध पाणी आणि माती, म्हणजे मातीतूनच काही उतरतं का ते कळेल. तासभर हलवून, तुरटीने बसवून वरचं पाणी प्रयोगशाळेला द्या. नमुना न गाळता, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून द्या. गाळलेल्या नमुन्याचा आकडा छान येतो, पण टाकीतल्या गढूळ पाण्यातला प्रत्येक मातीचा कण शिसं घेऊन बाहेर जात असतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे शिसं ०.१, निकेल ३ आणि जस्त ५ मिलिग्रॅमच्या आत हवं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात कडक आकडा असेल तर तोच धरा.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियम किंवा आर्सेनिक असेल तर साधी माती कुचकामी आहे. दोन्ही पाण्यात बहुतेक ऋणभारित रूपात असतात आणि मातीच्या पापुद्र्यांवरही ऋणभारच असतो. तसंच, हे पाणी पिण्यासाठी नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, तिथे आरओच लावा.

वापरलेली माती शेतात, भरावात किंवा विटांत घालू नका. आम्ल किंवा खारं पाणी लागलं की ती शिसं सोडते. कॉस्टिकचा गाळ आणि ही माती वेगवेगळ्या पिशव्यांत वाळवा, नोंद ठेवा आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा.