पदक राहू द्या, आधी पॉलिसी परत करा

पत्र: १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्स पुण्याला आले होते, त्या भेटीचं ब्राँझचं पदक पणजोबांपासून आमच्या घरात आहे. ऑनलाइन एकाने ४ लाख देऊ केलेत, पण आधी १८ हजार ‘नोंदणी शुल्क’ मागतोय. भरू, की भाच्याबरोबर लंडनच्या लिलावाला पाठवू? याच भरवशावर बँकेतून वर्षाला १ लाखाची पॉलिसी घेतली. कागद येऊन तीन आठवडे झाले. पहिला हप्ता क्रेडिट कार्डावर आहे. वय ३८, मुलगी सात वर्षांची. – एक वाचक, सातारा

उत्तर: दमडीही भरू नका. घेणारा पैसे देतो, मागत नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या नावाखाली असं शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं होतं. लंडनचंही विसरा. शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येते, ती परस्पर देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. त्याच दौऱ्यात १९ नोव्हेंबरला राजपुत्राने पुण्यात शिवस्मारकाची पायाभरणी केली, म्हणून इथल्या संग्राहकाला रस असू शकतो. परवानाधारक विक्रेत्याला दाखवा. पण जुनं म्हणजे महाग, असं नसतं. ४ लाख डोक्यातून काढा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते. तुमच्या कागदांनुसार १५ वर्षं १ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी साधारण २५ लाख मिळायचे. म्हणजे जेमतेम ४ टक्के! हेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निधीच्या बचत खात्यात, आजच्या ७.१ टक्क्यांनी ३८ लाखांच्या आसपास जातात. आणि विमा किती? १० लाख. तुम्हाला काही झालं तर त्यात घर किती वर्षं चालेल? वर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तरी साडेतीन हजार. ४ टक्के मिळवायला ४२ टक्के मोजताय! बँकेतल्या त्या गोड बोलणाऱ्याचं टार्गेट पूर्ण झालं, एवढंच.

नशीब, पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने करा, शिवाय त्याची प्रत शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या. ‘साहेब रजेवर आहेत’ हे ऐकून घेऊ नका, त्यातच तीस दिवस सरतात. पैसे आले की आधी कार्ड फेडा, मग १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. वर्षाला १५-२० हजारांत बसेल. पीपीएफ त्यानंतर.