पणजोबा बसऱ्याला कशासाठी गेले?

प्रश्न : पहिल्या महायुद्धाला गावातून किती माणसं गेली आणि किती परतली नाहीत, हे सांगणारा दगड आमच्या गावात आहे. माझे पणजोबा बसऱ्याला वारले, असं घरात सांगतात. लढाई जर्मनीशी होती. मग त्यांना इराकात कशासाठी नेलं?
– एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : तेलासाठी, आणि इराणच्या आखातावरचा ताबा सुटू नये म्हणून. ब्रिटिश आरमार तेव्हा कोळशावरून तेलावर येत होतं. इराणातलं तेल आबादानला शुद्ध व्हायचं, आणि नदीपलीकडे तुर्कांची हद्द. इराक तेव्हा तुर्कांकडे होता, आणि तुर्क युद्धात जर्मनीच्या बाजूने उतरले. त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर १९१४ सालीच ब्रिटिश सरकारने घेतले होते.

तारखा नीट पाहा. तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं ५ नोव्हेंबर १९१४ रोजी. पण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची ब्रिगेड मुंबईहून निघून ऑक्टोबरातच बहरीनला पोचली होती. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी फौज नदीच्या मुखाशी असलेल्या फावला उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा हाती आलं.

माझ्या मते तिथेच थांबायला हवं होतं. पण साहेबांना बगदाद दिसू लागलं. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनला चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना धक्के खात गाड्यांतून नेलं. उरलेली फौज मागे हटून कुत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिथे मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ अशा तीन पलटणी होत्या. जवळपास पाच महिने उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. हे वाचताना आजही माझा जीव जळतो.

आणि १९२० साली इराक ब्रिटिशांच्या ताब्यात देण्यात आला. तिथले लोक उठले, तेव्हा बंड मोडायलाही मुख्यतः हिंदी पलटणीच पाठवल्या.

पणजोबांचा शोध जरूर घ्या. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीनुसार नुसते आकडे. नावं युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर सापडतात. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलंय, म्हणून इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा. पलटण कळली, तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पत्र लिहा.