माग थांबवलास तर मजुरी दे

शहापूर, बेळगाव

प्रिय पोरी,

तुझ्या फिल्मची संहिता दोनदा वाचली. वडगावातला विणकर बाप, कॉलेजात जाणारी लेक आणि शेजारची कन्नड बोलणारी अव्वा, एवढ्या तिघांवर तू पंचवीस मिनिटं उभी केलीस आणि ती मला खरी वाटली. शेवटी तू विचारलंस, मोठा कॅमेरा भाड्यानं घेऊ का? नको. हाताशी आहे त्या कॅमेऱ्यावर शूट कर आणि ते पैसे आवाजाला लाव. एक बरा माइक, वेगळा रेकॉर्डर आणि बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरायला धीराचा माणूस. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक चालवून घेतात. संवाद कळेनासा झाला की उठून जातात.

माझ्या दुसऱ्या फिल्मचं ऐक. जांबोटीच्या बाजूला एका कौलारू घरात आम्ही जुलैमध्ये शूट केलं. हिरवंगार रान फुकटात मिळतंय, याचाच आनंद. खानापूर तालुक्यातला पाऊस तुला माहीत आहे. वर कौलांवर तो कोसळत होता आणि खाली एक आजी तिच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. हेडफोन कुणीच लावला नव्हता. घरी येऊन ऐकलं, तर शब्द कमी आणि पाऊसच जास्त. मग स्टुडिओत दुसऱ्या बाईंकडून डबिंग करून घेतलं. त्यांनी वाक्यं स्वच्छ म्हटली. पण आजीचं 'हाय की गा', मधेच येणारा कन्नड शब्द, दम लागल्यावर घेतलेला थांबा, काहीच उरलं नाही. वर्षभरानं गावात फिल्म दाखवली तेव्हा तिच्या नातवानं विचारलं, "ह्यो आवाज कुणाचा?" आजी तोवर गेली होती. तिचा आवाज माझ्याकडे नाही, त्या घरातही नाही. ते मला अजून सलतं.

म्हणून पहिल्या टेकपासून कुणाच्या तरी कानाला हेडफोन हवा. त्यानं 'नाही' म्हटलं की टेक पुन्हा, मग नट कितीही दमलेला असो.

यंत्रमागाच्या खोलीत संवाद मिळणार नाहीत, आताच मान्य कर. तिथं बाप-लेकीला खुणांनी बोलू दे, प्रसंग उलट चांगला होईल. जिथं बोलणं हवंच, तिथं माग बंद करायला सांग, पण थांबलेल्या वेळेची मजुरी आधी ठरव आणि त्याच दिवशी हातात दे. जेवढं कापड उतरतं तेवढेच पैसे विणकराला मिळतात. आपल्या टेकपायी त्याच्या घरची चूल अडता कामा नये. शूट संपल्यावर नुसत्या मागांचा आवाज वेगळा घे: आधी एकाच मागाचा, मग सगळ्यांचा, मग गल्लीतून, दार लोटून. आणि माग बंद असलेल्या खोलीची शांतता मिनिटभर. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधला सांधा तीच शांतता झाकते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेव आणि मोठ्यात मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेव, नाहीतर चित्र लुकलुकेल.

चहाच्या दुकानातला रेडिओ मात्र आठवणीनं बंद करायला लाव. गाण्याचे हक्क दुहेरी असतात: शब्द-चालीचे वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. शिवाय मागं गाणं वाजत असलं की कट केल्यावर ते उड्या मारतं.

आता भाषा. 'कन्नड काढ, मराठी जरा पुणेरी कर, म्हणजे सगळ्यांना कळेल' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. सीमाभागात भाषा म्हटली की लोकांना पाट्या आणि मोर्चे आठवतात. तुझ्या संहितेत अव्वा 'ऊटा आतेन्री?', म्हणजे जेवण झालं का, असं विचारते आणि लेक मराठीत उत्तर देते, दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. आपली निम्मी गल्ली अशीच बोलते, ते पडद्यावर मी फार कमी पाहिलंय. अव्वाचं काम गोकाक-बैलहोंगलकडच्या बाईंनाच दे. बेंगळुरूचं कन्नड त्या तोंडात घालू नकोस. त्यांना वाक्य पाठ करायला लावू नकोस. अर्थ सांग आणि त्यांच्या शब्दांत म्हणू दे. सबटायटल मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही कर, म्हणजे अव्वाच्या घरचेही पूर्ण फिल्म बघतील.

बाकीचं थोडक्यात. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती शूटच्या दिवशीच घे. भीमगड अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी लागेल. ड्रोनचा विचार असेल तर तो कुठं उडवता येतो याचा सरकारी नकाशा आधी बघ, सांबऱ्याला विमानतळ आहे. कार्ड पुसण्याआधी दोन कॉप्या, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. थिएटरात लावायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज आपण नंतर मिळून भरू.

माझा रेकॉर्डर कपाटात पडून आहे. रविवारी ये आणि घेऊन जा. हेडफोन तुझा आण, माझ्याचा डावा कान बंद पडलाय. आणि जाता जाता अव्वाकडे थांब, कॅमेरा न काढता तासभर नुसतं ऐकून ये.

तुझा,
काका